कॉलेजच्या कोर्ससाठी स्पॅनिशभाषक मुलांच्या शाळेत मदतीला जायचं आहे, पण माझं स्पॅनिश कच्चं आहे. जावं का?

जावं. स्पॅनिश पक्कं होण्याची वाट बघत बसलात तर कोर्स संपेल.

तुम्ही कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजात शिकताय आणि मुलं चुकांना हसतील अशी भीती वाटते, असं लिहिलंय. मीही नवऱ्याच्या नोकरीमुळे इकडे आले, असाच कोर्स केला आणि एका सरकारी शाळेत दुसरीच्या वर्गाला मदत करत होते. मुलं हसतात, त्यात काही विशेष नाही. 'प्रोब्लेमा'च्या शेवटी आ आहे म्हणून तो स्त्रीलिंगी केलात की सात वर्षांची पोरगी लगेच टोकते. नियम तिला माहीत नसतो, कानाला खटकतं एवढंच. तीच पोरगी लिहायला बसली की बी आणि व्हीमध्ये अडकते, कारण स्पॅनिशमध्ये दोन्हींचा उच्चार एकच, आणि एच उच्चारातच नसल्यामुळे तो गाळून टाकते. तिथे तुमचं पुस्तकी शिक्षण कामी येतं. इंग्रजीत घर म्हणजे 'हाउस' लिहिताना मुलं सुरुवातीला एचऐवजी 'जे' (J) हे अक्षर लावतात, तेही चूक म्हणून खोडायच्या आधी विचार करा: स्पॅनिशचा जे म्हणजे जवळजवळ आपला ह. ऐकलं तसं लिहिणं आपल्याला देवनागरीमुळे चांगलंच कळतं.

काम साधं असतं. बाई दोन-तीन मुलं कोपऱ्यातल्या टेबलावर देतात, त्यांचं वाचन ऐकायचं आणि गोष्टीवर गप्पा मारायच्या. खरी गरज मला गणितात दिसली. वजाबाकी येते, पण 'किती जास्त' विचारणारं शाब्दिक उदाहरण इंग्रजीत आलं की गाडी अडते. प्रश्न मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये सांगितला तरी पोर झटकन उत्तर देतं. जिम कमिन्स या कॅनडातल्या अभ्यासकाने १९७९ मध्येच हा फरक मांडला होता, आणि त्याच्या पुढच्या अभ्यासानुसार खेळापुरती, गप्पांपुरती भाषा साधारण दोन वर्षांत येते, अभ्यासाची भाषा यायला पाच ते सात वर्षं लागतात. त्यामुळे मैदानावर फाडफाड इंग्रजी बोलणारं मूल वर्गात गप्प बसलं तर ते मठ्ठ आहे असं समजू नका.

तुम्ही स्पॅनिशमध्ये विचाराल आणि उत्तर इंग्रजीत येईल, याची तयारी ठेवा. (इथल्या मराठी घरांत वेगळं काय चालतं?) हट्ट करू नका, तुम्ही स्पॅनिशच बोलत राहा. याला थोडा इतिहासही आहे. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन २२७ हा थेट मतदानाला आलेला कायद्याचा प्रस्ताव मंजूर करून द्विभाषिक शिक्षणावर मोठे निर्बंध आणले आणि २०१६ च्या प्रपोझिशन ५८ ने त्यातले बहुतेक उठवले. मधल्या काळात इथेच शिकलेले अनेक जण आता पालक आहेत. ते घरी स्पॅनिश बोलतात, पण त्यांना ती लिहायला शाळेने शिकवलेलं नसतं.

शाळा 'ड्युअल लँग्वेज', म्हणजे दोन्ही भाषांतून शिकवणारी असेल तर ९०-१० की ५०-५०, हे आधी विचारा. पहिल्या प्रकारात बालवाडीत नव्वद टक्के शिकवणं स्पॅनिशमध्ये असतं आणि इंग्रजी वर्षागणिक वाढत जातं. स्पॅनिशच्या वेळात तुम्ही इंग्रजीत घसरलात तर बाईंची मेहनत वाया.

आणखी एक, सगळ्यांची पहिली भाषा स्पॅनिश असेलच असं नाही. ग्वातेमालातून आलेल्या काही घरांत माम, मेक्सिकोच्या ओआहाकातल्या काही घरांत मिश्तेक बोलतात. अशा मुलाला स्पॅनिश दुसरी आणि इंग्रजी तिसरी.

'कुठून आलात, कागदपत्रं आहेत का' असलं काही विचारायचं नाही. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालानुसार कागदपत्रं नसलेल्या मुलांनाही सरकारी शाळेत शिकण्याचा हक्क आहे, शाळाही ते विचारत नाही. मुलांचे फोटो नकोत. पालकसभेत दुभाषाचं काम कुणी गळ्यात मारलं तर नम्रपणे नाही म्हणा. त्यासाठी सक्षम दुभाषा देणं ही शाळेची जबाबदारी आहे, आणि तिथल्या चुकीला मुलं हसण्यावारी नेतात तसं कुणी नेणार नाही.

बोटांचे ठसे आणि टीबीची चाचणी बहुतेक ठिकाणी मागतात. त्यात वेळ जातो, तेव्हा सत्र सुरू होताच अर्ज टाका.