वाचकांचे प्रश्न : विंडोज सोडताना

विंडोज १० ची नेहमीची मोफत सुरक्षा-अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. बऱ्याच चालत्या मशिनवर विंडोज ११ नियमाप्रमाणे बसत नाही, कारण त्याला टीपीएम २.० (मशिनमधली सुरक्षेची हार्डवेअर सोय) आणि नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे लिनक्स या मोफत पर्यायी सिस्टिमबद्दल विचारणाऱ्या वाचकांपैकी काहींचे प्रश्न या वेळी घेतले आहेत.

आमचा छोटा छापखाना आहे. पेजमेकर, कोरलड्रॉ आणि जुने मराठी फाँट यांवर पंधरा वर्षांचा मजकूर साठला आहे. हे सगळे लिनक्सवर नेता येईल का?

नेता येईल, पण आधी लिनक्स टाकू नका. स्क्रायबस (पानांची मांडणी), इंकस्केप (रेखाचित्रे, लोगो), गिम्प (फोटो) आणि लिब्रऑफिस (वर्ड-एक्सेलसारखी कामे) हे चारही मोफत प्रोग्राम विंडोजवरही चालतात. सध्याच्याच मशिनवर ते टाका आणि महिनाभर नवी कामे त्यांत करा. हात बसला की खालची सिस्टिम बदलणे हे एका दुपारचे काम आहे. दोन्ही एकदम बदलले, तर अडचण प्रोग्रामची की सिस्टिमची तेच कळत नाही आणि ऑपरेटर चौथ्या दिवशी पेजमेकरकडे परततो.

तुमचे खरे काम मजकुराचे आहे. जुन्या ८-बिट फाँटमध्ये टाइप केलेली फाइल आतून मराठी नसते. तिच्यात रोमन अक्षरांचे कोड असतात आणि फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. फाँट काढला की उरतात निरर्थक इंग्रजी अक्षरे. म्हणून मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा कोड देणाऱ्या पद्धतीत, आणावाच लागतो. प्रत्येक फाँटची मांडणी वेगळी असल्याने त्या-त्या फाँटचाच कन्व्हर्टर वापरा.

कन्व्हर्टर चालवण्याआधी मजकुरातले खरे इंग्रजी शब्द, ईमेल पत्ते वगैरे वेगळे काढा, नाहीतर त्यांचेही देवनागरी कडबोळे होते. लिब्रऑफिसच्या ‘फाइंड अँड रिप्लेस’मध्ये फॉरमॅटखाली फाँटचे नाव दिले, की फक्त त्या फाँटमधला मजकूर एकदम निवडला जातो. रूपांतरानंतर पहिली वेलांटी आणि रफार आधी तपासा. जुन्या फाँटमध्ये ‘ि’ अक्षराच्या आधी आणि रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडमधला क्रम नेमका उलटा. जोडाक्षरावर या दोन खुणा आल्या, की कन्व्हर्टर हमखास चुकतो. ‘ऱ्य’, ‘द्ध’, ‘ज्ञ’ हेही शोधून पाहा. सगळे पंधरा वर्षांचे एकदम बदलू नका. जे पुन्हा छापायचे तेवढेच घ्या. बाकीच्याची चालत्या मशिनवरून पीडीएफ काढून ठेवा.

पानांच्या मांडणीसाठी स्क्रायबस घ्या, पण १.६ किंवा त्यापुढची आवृत्ती. १.४ मध्ये देवनागरी जोडाक्षरे तुटतात. मजकुराचे नवे इंजिन १.५.३ मध्ये आले आणि ते स्थिर आवृत्तीत मिळाले १.६ सोबत, जानेवारी २०२४ मध्ये. पेजमेकर ६ आणि ७ च्या फाइली लिब्रऑफिसच्या ड्रॉ या चित्र-प्रोग्राममध्ये उघडतात, मात्र चौकटी साधारण जागेवर येतात एवढेच. त्यातून जुने माप आणि समास बघून घ्यावेत आणि साचा नव्याने बांधावा, हे आमचे ठाम मत. इनडिझाइनची फाइल कोणी दिली, तर मूळ फाइलऐवजी आयडीएमएल (इनडिझाइनमधूनच निघणारा फाइल-प्रकार) मागा. स्क्रायबस तेच वाचतो.

कोरलच्या फाइली इंकस्केप उघडतो, पण ब्लेंड, लेन्स, सावल्या बिघडतात. अजून कोरल चालू आहे तोवर महत्त्वाच्या लोगोंची एक प्रत कर्व्ह करून (अक्षरांचे आकार करून) एसव्हीजी या चित्र-प्रकारात काढून ठेवा. आणखी एक सावधगिरी : इंकस्केप पीडीएफ आरजीबीत, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, देतो. त्यातले काळे अक्षर प्लेटवर चार रंगांत फुटते आणि रजिस्ट्रेशन (रंगांचे एकमेकांवर नेमके बसणे) केसभर सरकले तरी बारीक टाइपाला रंगीत कड दिसते. म्हणून इंकस्केपमध्ये फक्त चित्र करा. मजकूर स्क्रायबसमध्ये शंभर टक्के काळ्यात टाका, ब्लीड (कापताना जाणारी जादा कड) ३ मिमी द्या आणि तिथूनच छपाईसाठीची पीडीएफ/एक्स काढा.

शाळेची वर्डमधली पत्रके लिब्रऑफिसमध्ये उघडली की पाने सरकतात. ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे दिसतात. मराठीचा फाँटही कधी बदलतो, कधी बदलत नाही.

तिन्हींची कारणे वेगळी आहेत. पाने सरकतात, कारण मंगल, कॅलिब्री, कँब्रिया हे फाँट लिनक्ससोबत येत नाहीत. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि कँब्रियाऐवजी कॅलेडिया टाका. त्यांची अक्षररुंदी मुद्दाम तीच ठेवलेली आहे, म्हणून इंग्रजी ओळी जागेवर राहतात. मंगलला असा जुळा भाऊ नाही. मराठी पत्रके एकदाच नव्या फाँटमध्ये लावून घ्यावी लागतील.

फाँट कधी बदलतो कधी नाही, कारण लिब्रऑफिस एकाच परिच्छेदासाठी दोन वेगळे फाँट लक्षात ठेवतो : एक इंग्रजीचा, एक ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ म्हणजे सीटीएलचा. देवनागरी दुसऱ्यात मोडते. आकारही दोघांचा वेगळा. ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर सीटीएलची भाषा मराठी करा. मग मूळ परिच्छेद-शैली उघडून तिच्या सीटीएल भागात फाँट आणि आकार ठरवा आणि हा साचा टेम्प्लेट म्हणून साठवून डीफॉल्ट करा. वरच्या पट्टीतून ओळ-ओळ फाँट बदलत बसू नका. भाषा मराठी केली, की ज्या फाँटमध्ये मराठी रूपे भरलेली असतात त्यांत ‘ल’ आणि ‘श’ आपोआप सुधारतात. तरी फरक पडला नाही, तर ‘तिरो देवनागरी मराठी’ वापरा. मोफत आहे आणि छापील पुस्तकासारखा दिसतो.

कॅल्कमध्ये (लिब्रऑफिसचा एक्सेलसारखा प्रोग्राम) एक्सलुकअप हे माहिती शोधून आणणारे फंक्शन लिहिले की #नेम? अशी चूक येते. मशिनवर लिनक्स मिंट २२ (लिनक्सचा एक प्रकार) आहे.

हे फंक्शन लिब्रऑफिस २४.८ मध्ये आले आणि मिंट २२ सोबत येते २४.२. सॉफ्टवेअर मॅनेजरमधून लिब्रऑफिसची फ्लॅटपॅक (सिस्टिमपासून वेगळे अद्ययावत होणारे पॅकेज) आवृत्ती घ्या, ती नवी असते. जुनी काढून टाका, नाहीतर फाइलवर दोनदा क्लिक केल्यावर तीच उघडत राहील. एक्सेलचे मॅक्रो मात्र अर्धेमुर्धेच चालतात. ज्या फाइलीचा जीव मॅक्रोत आहे, ती हलवण्याआधी तपासून पाहा.

लिनक्सवर ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्या’ कसा काढायचा?

आयबस-एम१७एन हे भारतीय भाषांच्या टायपिंगचे पॅकेज टाका, लॉगआउट करून परत या आणि इनपुट पद्धतींत मराठी इन्स्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी जोडा. मग शिफ्ट-जे, डी आणि तिरकी रेघ : ‘ऱ’, हलन्त, ‘य’. नुसत्या ‘जे’ने सुरुवात केली, तर ‘र्य’ होतो, म्हणजे ‘सूर्य’मधला. ही चूक छापील मजकुरात फार दिसते.

टॅलीला पर्याय कोणता?

हिशेबापुरता ग्नूकॅश हा मोफत प्रोग्राम उत्तम आहे, दुहेरी नोंद पद्धत पक्की आहे. पण जीएसटी विवरणाची फाइल तो तयार करून देत नाही आणि तुमचा सीए टॅलीचाच डेटा मागणार. टॅलीप्राइम लिनक्ससाठी निघत नाही. म्हणून इथे बदल करू नका. एका मशिनवर विंडोज ठेवा, किंवा लिनक्समध्ये व्हर्च्युअल मशिन (मशिनमधलेच आभासी मशिन) करून त्यात विंडोज बसवा. त्यासाठी किमान ८ जीबी रॅम आणि विंडोजचे रीतसर लायसन्स लागेल. डिजिटल सहीचे टोकन त्या व्हर्च्युअल मशिनला जोडून एकदा सही करून पाहा. विवरणाच्या शेवटच्या तारखेला हा प्रयोग नको.

प्रिंटर चालेल का?

विकत काही घेण्याआधी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मिंट टाका आणि काही न पुसता त्यावरूनच मशिन सुरू करा. वायफाय, आवाज, स्कॅनर तिथेच तपासता येतात. दुकानादुकानांत दिसणारे दोन प्रिंटर कुरकुर करतात. एचपी लेझरजेट १०२० ला एचपीलिप या एचपीच्या ड्रायव्हरसोबत वेगळे प्लगिन लागते. त्याची आवृत्ती एचपीलिपशी जुळली पाहिजे, म्हणून अद्यतनानंतर छपाई थांबली, तर प्लगिन पुन्हा टाका. कॅनन एलबीपी २९०० ला कंपनीचा कॅप्ट ड्रायव्हर लागतो आणि नव्या लिनक्सवर तो बसवणे जिकिरीचे आहे. तो प्रिंटर विंडोजच्या मशिनला जोडून नेटवर्कवर शेअर करणे हा कमी त्रासाचा मार्ग.