पानशेतचे मातीचे धरण फुटले, तरी तिथे पुन्हा मातीचेच धरण का बांधले?

1961 साली पानशेतचे मातीचे धरण फुटून पुण्यात हाहाकार माजला असताना त्याच ठिकाणी दगडी धरण न बांधता पुन्हा मातीचेच का बांधले आणि ते सुरक्षित आहे का, असे आपण विचारले आहे. मी स्थापत्य अभियंता असून पाटबंधाऱ्यांच्या कामांवर माझी बरीच वर्षे गेली. शिवाय आमचे जुने घर नारायण पेठेत होते आणि तिथल्या भिंतीवर उमटलेली पुराच्या पाण्याची रेघ वडील आम्हां मुलांना दाखवीत असत, त्यामुळे हा प्रश्न मला लहानपणापासूनचा आहे.

माझ्या मते दोष मातीचा नव्हता, घाईचा होता. आंबी नदीवरील त्या धरणाचे काम पुरे झालेले नसतानाच त्या पावसाळ्यात त्यात पाणी साठले. धरणाच्या तळातून पाणी बाहेर सोडणारी मोरी, जिला आम्ही विमोचक म्हणतो, तिचे व तिच्या दरवाजांचे काम अर्धवट होते. त्या अपुऱ्या मोरीतून प्रचंड दाबाने पाणी धावू लागले, हादऱ्यांनी तिचे बांधकाम खिळखिळे झाले आणि वरचा भराव खचत गेला. जवानांनी वाळूची पोती रचून माथा सावरण्याची शिकस्त केली, परंतु 12 जुलैच्या सकाळी धरण फुटले. खाली 1879 सालचे खडकवासल्याचे दगडी धरण होते. त्याच्या माथ्यावरून पाणी वाहत असतानाही ते काही तास तगले आणि मगच फुटले. लोकांना घरे सोडायला जो थोडा अवधी मिळाला, तो त्या जुन्या दगडी भिंतीमुळे, हे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

इथेच दोन्ही प्रकारांतला फरक दिसतो. दगडी धरण माथ्यावरून जाणारे पाणी काही काळ सोसते. मातीचे धरण मात्र सोसत नाही, कारण भराव धुपू लागला की भगदाड वाढतच जाते. म्हणून मातीच्या धरणाला पुरेसा मोठा सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, आणि पाण्याच्या कमाल पातळीहून बराच उंच माथा द्यावा लागतो. एवढे सांभाळले, तर मध्ये चिकणमातीचा गाभा, दोन्ही अंगांना मुरमाचा भराव आणि पाण्याकडील उतारावर दगडांचे पिचिंग, म्हणजे लाटांनी माती धुपू नये म्हणून रचलेला दगडांचा थर, अशी रचना भक्कम ठरते. तिचा रुंद पाया भार पसरवून देतो आणि बहुतेक सामान जवळपासच मिळते. पुन्हा बांधलेले सुमारे 63 मीटर उंचीचे हे धरण 1972 साली पूर्ण झाले. त्याचे पाणी खडकवासल्यात येऊन पुण्याला पिण्यासाठी आणि मुठा कालव्याने दौंड-इंदापूरकडील शेतीसाठी जाते, शिवाय त्यावर थोडी वीजही तयार होते.

सुरक्षिततेचे म्हणाल, तर 2021 च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार मोठ्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करणे बंधनकारक आहे. उतारावरची झुडपे आणि घुशींची बिळे यांकडे कोणी क्षुल्लक म्हणून पाहू नये, कारण पाण्याला वाट तिथूनच मिळू शकते. मातीच्या धरणातून थोडे पाणी पाझरतेच. ते नितळ असून त्याचे प्रमाण स्थिर असेल, तर चिंता नसते. मात्र ते गढूळ येऊ लागले, तर त्यासोबत धरणाची माती वाहत आहे असे समजून त्याच दिवशी उपाय सुरू करावे लागतात.