सुट्टीतही बॉयलरच बघायचा का?

प्रश्न: मुलगी लिस्बनला असते, मे महिन्यात आम्ही दोघं तिच्याकडे जातोय. जावयांनी तिथलं नदीकाठचं जुनं वीजकेंद्र प्लॅनमध्ये टाकलंय, आता म्युझियम आहे म्हणे. माझी अख्खी नोकरी औष्णिक केंद्रात गेली, त्यामुळे बायको म्हणते तिकडे जाऊनही बॉयलरच बघणार का! जावं का? आणि आपल्या खोपोलीच्या वीजकेंद्राचं असं म्युझियम का करत नाहीत?
– निवृत्त इंजिनिअर, कोथरूड

उत्तर: जा हो, बिनधास्त जा. बेलेम भागातलं तेजो केंद्र ते, १९०९ ला सुरू झालं आणि १९९० पासून म्युझियम आहे. बरेच लोक बाहेरून त्या विटांच्या भिंतींचे आणि उंच खिडक्यांचे फोटो काढतात नि निघतात, तुम्ही मात्र बॉयलर हॉलमध्ये निवांत वेळ काढा. बॅबकॉक अँड विलकॉक्सचे हाय प्रेशर बॉयलर जागच्या जागी उभे आहेत, आणि त्यांच्या खालचा राखेचा मजला तर चुकवूच नका, वर भट्टी धगधगतेय आणि खाली माणसं गरम राख गाड्यांत भरून ओढतायत, त्या शिफ्टमध्ये काय हाल होत असतील ते तुम्हाला मी काय सांगणार. कंडेन्सरला, म्हणजे वापरलेली वाफ थंड करून पुन्हा पाणी करणाऱ्या यंत्राला, पाणी समोरच्या नदीचंच. वहिनींना तोवर जेरोनिमोस मठ बघू दे, वास्को द गामाची कबर आहे तिथे, आणि जवळच १८३७ पासूनचं पेस्ट्रीचं दुकान आहे, भांडण मिटेल.

आता खोपोली. गंमत बघा, तेजोच्या कोळशाला घरी बसवलं धरणांच्या विजेने, १९५१ पासून ते नुसतं राखीव म्हणून उरलं आणि १९७२ नंतर तेही संपलं. आपलं खोपोली पाण्यावरचंच! लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी पाइपांतून घाटाखाली सोडायचं नि पेल्टन चाकं फिरवायची, १९१५ ला मुंबईच्या गिरण्यांसाठी सुरू केलेलं केंद्र अजून वीज देतंय, मग चालत्या केंद्राचं म्युझियम कशाला?

पण टाटांच्या ह्या घाटातल्या केंद्रांचं कधी म्युझियम झालंच तर नुसती टर्बाइन पुसून मांडून भागणार नाही असं माझं स्पष्ट मत आहे. १९२७ च्या भिरा केंद्राला पाणी मुळशीचं, आणि त्या धरणात मावळ्यांच्या जमिनी गेल्या म्हणून १९२१ पासून सत्याग्रह झाला, सेनापती बापट तुरुंगात गेले. ते पॅनल टर्बाइनच्या शेजारी लागलं पाहिजे, मागच्या जिन्याखाली नाही.