लातूरला राहून घरी प्रवाळ आणि क्लाउनफिशचा खाऱ्या पाण्याचा टँक ठेवता येईल का? सुरुवात कशी करू आणि खर्च किती येईल?

येईल. मी परभणीत दोनशे लिटरचा टँक ठेवतो, म्हणजे हवा तुमच्यासारखीच आणि पाण्याची रडकथाही तीच. तुमची मुख्य शंका समुद्र चारशे किलोमीटर लांब असल्याची दिसते. ती सोडून द्या. समुद्राचं पाणी घरीच बनतं, त्याचं मीठ पिशवीत मिळतं. आपल्याकडं असे टँक बंद पडतात ते गोड्या पाण्यापायी, मे महिन्यापायी आणि गेलेल्या लाईटपायी. त्यामुळं काच कुठली, दिवे कुठले, मासे कुठले हे सगळं नंतर. आधी या तिघांचा हिशेब करा.

पहिलं पाणी. रीफ टँकला, म्हणजे प्रवाळाच्या टँकला, जवळजवळ शून्य टीडीएसचं पाणी लागतं. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार. दोन-तीनशे रुपयांचं टीडीएस मीटर घ्या आणि घरातलं सगळं पाणी मोजून बघा: नळाचं, बोअरचं, प्युरिफायरचं, लग्नात येतात त्या जारचं. बोअर हजाराच्या आसपास निघालं तर नवल नाही. आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी जड असतं, त्यात शेतातल्या युरियाचं नायट्रेट उतरलेलं असतं. घरच्या आरओबद्दल लोकांचा मोठा गैरसमज असतो. प्युरिफायर चव राखायला थोडं मूळ पाणी परत मिसळतो, त्यासाठी त्यात टीडीएस कंट्रोलर नावाचा छोटा स्क्रू असतो. पिण्याला ते बरोबर आहे, प्रवाळाला नाही. टँकमधून वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी. तुम्ही रोज वरून घातलेल्या पाण्यात जे काही विरघळलेलं असेल ते सगळं आतच राहतं आणि साठत जातं. दोन महिन्यांत काचेवर तपकिरी-हिरवं शेवाळ चढलं की लोक दिव्याला दोष देतात.

म्हणून आरओच्या पुढं डीआय रेझिनचा, म्हणजे क्षार शोषणाऱ्या बारीक मण्यांचा, एक डबा जोडायचा. आरओ ९०-९५ टक्के क्षार काढतो, उरलेले रेझिन काढतं. रंग बदलणारं रेझिन घ्या, संपलं की दिसतं. आता यातली अवघड गोष्ट सांगतो. एक लिटर आरओ पाण्यामागं साधारण तीन-चार लिटर पाणी बाहेर फेकलं जातं. दोनशे लिटर भरायला सहा-आठशे लिटर रिजेक्ट. ज्या गावानं एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणून प्यायलंय, तिथं हे पाणी मोरीत सोडायला हात धजावत नाही, आणि धजावूही नये. ते बॅरलमध्ये धरा, फरशीला, संडासाला, गाडी धुवायला वापरा. कुंड्यांना घालू नका, ते मूळ बोअरपेक्षाही खारट असतं.

माझा मार्ग पावसाचा आहे. पहिले दोन-तीन पाऊस गच्ची धुऊन जाऊ द्यायचे, मग स्वच्छ स्लॅबवरचं पाणी कापडातून गाळून झाकणाच्या टाकीत भरायचं. त्याचा टीडीएस दहा-वीसच्या घरात येतो. कार्बन आणि रेझिनमधून काढलं की झालं, रिजेक्ट जवळजवळ नाहीच. पत्र्यावरचं मात्र घेऊ नका, जस्त उतरतं. एसीच्या नळीतलं पाणीही नको. मीटरवर ते छान दिसतं, पण तांब्याच्या कॉइलवरून आलेलं असतं आणि तांब्याचा अंशसुद्धा झिंग्यांना आणि प्रवाळांना मारतो.

मीठ हे रीफचंच घ्यायचं. समुद्राच्या क्षारांत वजनानं ८५ टक्क्यांच्या आसपास सोडियम आणि क्लोराईड असतं, म्हणून स्वयंपाकाच्या मिठात भागेल असं वाटतं. पण प्रवाळ जगतं ते उरलेल्या पंधरा टक्क्यांतल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेटवर. लिटरला ३५ ग्रॅमच्या थोडं वर धरा, म्हणजे दोनशे लिटरला सात-साडेसात किलो. वेगळ्या बादलीत पंप लावून रात्रभर फिरवायचं, मगच टँकमध्ये. क्षारता ३५, म्हणजे घनता १.०२५ ते १.०२६. मोजायला रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश बघून क्षारता मोजणारी नळी) घ्या, प्लॅस्टिकच्या काट्याचं हायड्रोमीटर नको. कोकणात जाणाऱ्याला कॅन देऊन समुद्राचं पाणी मागवायच्या फंदात पडू नका. किनाऱ्यालगतच्या पाण्यात पावसाळ्यात नद्या मिसळतात, एरवी सांडपाणी.

दुसरा मे महिना. प्रवाळाला २५-२६ अंश मानवतं. पाणी काही दिवस ३०च्या वर राहिलं की प्रवाळ आपल्या अंगातली सूक्ष्म शेवाळं बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. त्याचं बहुतेक अन्न त्या शेवाळांकडूनच येत असल्यानं पुढं ते उपाशी मरतं. बाहेर ४२-४३ असताना हे कसं जमवायचं? इथं आपली कोरडी हवा कामाला येते. पाण्याच्या पृष्ठभागावर तिरका छोटा पंखा लावा. माठ गार होतो तोच नियम: एक लिटर पाणी वाफ होताना जेवढी उष्णता घेऊन जातं, ती दोनशे लिटरचं तापमान साधारण ३ अंशांनी उतरवायला पुरते. मुंबईच्या दमट हवेत पंख्याचा एवढा उपयोग होत नाही, तिथं चिलर, म्हणजे पाणी गार करणारं यंत्र, घ्यावा लागतो. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पंखा पुष्कळ भार उचलतो. खिडकी मात्र उघडी हवी, बंद खोलीत हवा दमट झाली की पंखा नुसताच फिरतो.

या थंडाव्याची किंमत पाण्यात मोजावी लागते. उन्हाळ्यात रोज दोन-दोन लिटर उडतं. पाणी उडतं, मीठ मागं राहतं. सहा दिवस लक्ष दिलं नाही तर दोनशेचे १८८ लिटर होतात आणि क्षारता ३५ वरून ३७च्या पुढं जाते. म्हणून वरून भरायचं ते गोडंच, आणि रोज. पातळी बघून आपोआप पाणी सोडणारा ऑटो टॉप-ऑफ मिळतो. सुरुवातीला दिव्यावर चार पैसे कमी घाला, पण हा घ्या.

जागा तळमजल्यावरची, पश्चिमेची भिंत सोडून. दगड, वाळू, स्टँड धरून वजन तीनशे किलोच्या आसपास जातं. गावाकडं माळवदाचं घर असेल तर त्यासारखी जागा नाही, उन्हाळ्यात आत गारवा असतो. पत्र्याच्या खोलीचा विचारही करू नका. हिवाळ्यात उलटं होतं. आमच्या परभणीत पारा दहाच्या खाली येतो, तेव्हा हीटर लागतोच. हीटरचा स्वतःचा थर्मोस्टॅट कधी चिकटून बसेल सांगता येत नाही, म्हणून वेगळा कंट्रोलर लावा.

तिसरी वीज. खाऱ्या आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. पाणी हलायचं थांबलं की काही तासांत मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. वळवाच्या वादळात रात्रभर लाईट जाते हे तुम्हाला मी सांगायला नको. इन्व्हर्टरवर फक्त वेव्हमेकर, म्हणजे टँकमधलं पाणी हलवणारा छोटा पंप, ठेवा, तो पाच-दहा वॅट खातो. दिवे आणि स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) बंद राहिले तरी रात्रीत काही बिघडत नाही. शिवाय बॅटरीवरचा एक हवेचा पंप कपाटात असू द्या.

आता टँक. दोनशे लिटरपेक्षा लहान नको, कारण कमी पाण्यात चूक लवकर महागात पडते. खाली सम्प, म्हणजे यंत्रं ठेवायची दुसरी टाकी, त्यात प्रोटीन स्किमर. वेव्हमेकर असे घ्या की ताशी टँकच्या दहा-वीस पट पाणी फिरेल. निळ्याकडं झुकणारा एलईडी, दिवसाला आठ तास. वाळू अरागोनाइटची, म्हणजे चुनखडीची, घ्या. गोदावरीची फुकट मिळते म्हणून घालायचा मोह होईल. आधी त्या वाळूतून लोहचुंबक फिरवून बघा, काळे कण चिकटून येतात. बेसाल्टमधलं मॅग्नेटाइट ते. टँकमध्ये ते काच पुसायच्या चुंबकाला चिकटतं आणि पहिल्याच आठवड्यात काचेवर ओरखडे.

मग वाट बघायची. दगड-वाळू मांडून, खारं पाणी भरून चिमूटभर खाद्य टाका. त्याचा अमोनिया होतो, जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्रेट. याला चार ते सहा आठवडे लागतात आणि टेस्ट किटवर अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आल्याशिवाय एकही जीव आत सोडायचा नाही. दुकानदार म्हणेल बाटलीतले जिवाणू टाका आणि उद्या मासे घेऊन जा. त्याचं ऐकू नका. गणपतीनंतर सुरुवात केली तर ही जिवाणूंची सायकल, शेवाळाचा पहिला उपद्रव आणि तुमचं शिकणं हे सगळं थंडीत उरकतं, आणि उन्हाळ्याला टँक रुळलेला असतो. मार्चमध्ये सुरू करणाऱ्याला मी नको म्हणतो.

प्रवाळांबद्दल कायदा आधी समजून घ्या. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या अनुसूची १ मध्ये सगळे कडक प्रवाळ, काळे प्रवाळ, गॉर्गोनियन (समुद्री पंखे), ऑर्गन पाइप आणि फायर कोरल येतात. समुद्रघोडेही. आपल्या समुद्रातून काढलेला ‘लाईव्ह रॉक’ म्हणजे बहुतेकदा फोडलेलं प्रवाळच असतं. विकणारा काहीही सांगो, कागद दाखवत नसेल तर हात लावू नका. दगड सिरॅमिकचे तयार मिळतात, ते घ्या. मऊ प्रवाळांत मशरूम, लेदर, झेनिया, झोअँथिड यांनी सुरुवात करा. ही कडक सांगाडा बांधत नाहीत, म्हणून कॅल्शियम आणि अल्कलिनिटीची वेगळी औषधं रोज मोजून घालावी लागत नाहीत, पंधरा दिवसाला दहा-पंधरा टक्के पाणी बदललं की मिठातूनच भागतं. अल्कलिनिटी (पाण्यातलं बायकार्बोनेट) ८-९ डीकेएच आणि कॅल्शियम ४००-४५० पीपीएमच्या दरम्यान आहे ना, एवढं अधूनमधून तपासा. झेनिया मुठीसारखी उघडझाप करते, घरी आलेला माणूस मासे सोडून तिच्याकडंच बघत बसतो. झोअँथिडला मात्र हातमोजे घालूनच हात लावा, काहींच्यात पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. ते चिकटलेला दगड उकळायचा तर अजिबात नाही.

मासे कमी ठेवा. टँकमध्येच पैदा केलेली क्लाउनफिशची जोडी, एखादा गोबी मासा, सफाई करणारा झिंगा, थोड्या गोगलगाई. क्लाउनफिश आता आपल्या देशात पैदा होतात, त्यांना समुद्रफूल (अ‍ॅनिमोनी) लागतंच असं नाही. जोडीतला मोठा मासा मादी असतो, ती मेली तर नर मादी होतो. निळा टँग, म्हणजे पोरं ज्याला डोरी म्हणतात, तो दोनशे लिटरमध्ये कोंडू नका. मँडरिनही नको, तो दिसायला सुंदर पण जिवंत बारीक किडेच खातो आणि नव्या टँकमध्ये उपाशी मरतो. माल मुंबई-पुण्याहून रात्रीच्या गाडीनं मागवा, थंडीत किंवा पावसाळ्यात. आल्यावर थेंब-थेंब पाणी मिसळत नव्या पाण्याची सवय करायची आणि नवा मासा काही आठवडे वेगळ्या टँकमध्ये ठेवायचा, कारण पांढऱ्या ठिपक्यांचा रोग एकदा आत शिरला की प्रवाळं असताना तांब्याचं औषध देता येत नाही.

आपल्या भागात एक धोका जास्तीचा आहे. कापसावर, तुरीवर फवारणी करून आलेला हात, कितीही धुतला तरी, त्या दिवशी टँकमध्ये घालायचा नाही. डासांची अगरबत्ती, मच्छरची लिक्विड मशीन, नगरपालिकेची धूर फवारणी यांतली पायरेथ्रॉइडं माणसाला फारशी बाधत नाहीत, पण मासे आणि झिंग्यांना अतिशय विषारी असतात. धुराची गाडी आली की खिडक्या लावा, टँकवर ओला कपडा टाका, हवेचा पंप बंद करा.

खर्च: पंप, वेव्हमेकर आणि स्किमर मिळून ४५ वॅट चोवीस तास, म्हणजे महिन्याला ३२ युनिट. शंभर वॅटचा दिवा आठ तास, २४ युनिट. हिवाळ्यात हीटर वेगळा. मीठ महिन्याला दीड-दोन किलो. सुरुवातीच्या सामानात सगळ्यात जास्त पैसे दिवा आणि स्किमर खातात, आणि या दोन्ही गोष्टी छंद सोडणाऱ्यांकडून जुन्या, चांगल्या मिळतात. जुना टँक घेतलात तर आधीच्या मालकानं त्यात तांब्याचं औषध वापरलं होतं का हे विचारा. पंप आणि रेझिन नवंच घ्या.

आणि उन्हाळ्यात लग्नसराईला गावाला जाणार असाल तर काचेवर मार्करनं पातळीची रेघ मारा, गोड्या पाण्याच्या बाटल्या भरून शेजारी ठेवा आणि ज्याला किल्ली देणार त्याला एवढंच सांगा की पाणी रेघेपर्यंत भर. खाद्याचा डबा कुलपात ठेवा. मोठा मासा दोन-तीन दिवस सहज काढतो. पाहुण्यानं मायेनं टाकलेली मूठभर गोळी मात्र एका रात्रीत सगळं पाणी नासवते.