वाचकांचे प्रश्न : दुपारी दोननंतरचे काम

दिवाळीच्या सुट्टीनंतर शहरात परतलेल्या विद्यार्थ्यांची पत्रे दरवर्षी याच सुमारास येतात आणि त्यांतली बरीचशी पैशांविषयी असतात. या वेळी त्यांतली तीन आणि एका पालकांचे एक अशी चार निवडली आहेत. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून लिहिणाऱ्यांची नावे अर्थातच दिलेली नाहीत.

प्रश्न : सर, सादर नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातला असून पुण्यात बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. सदाशिव पेठेत आम्ही तिघे एका खोलीत कॉट बेसिसवर राहतो. माझ्या वाट्याचे भाडे ३,००० रुपये आणि मेसचे ३,२०० रुपये होतात. यंदा घरचे सोयाबीन पाण्यात गेले, त्यामुळे वडिलांकडे पैसे मागवत नाही. महाविद्यालय सकाळी साडेसात ते साडेबारा असते आणि मंगळवार-गुरुवारी दुपारी प्रात्यक्षिके असतात. दोन महिन्यांत अकरा ठिकाणी काम विचारले. कोणी अनुभव विचारतो, कोणी पूर्ण वेळ हवा म्हणतो, कोणी नंबर घेतो आणि फोन करत नाही. आई दर रविवारी फोन करते. रविवारी संध्याकाळी मेस बंद असते, पण मी जेवलो म्हणून सांगतो. बाकी सर्व ठीक आहे. काम कसे शोधावे?

उत्तर : तुमच्या पत्रातले ‘बाकी सर्व ठीक आहे’ हे वाक्य मी दोनदा वाचले. त्याकडे शेवटी येतो, आधी कामाचे पाहू.

अकरा ठिकाणी नकार मिळाला यात तुमच्यापेक्षा विचारण्याच्या पद्धतीचा दोष अधिक असावा, असे मला वाटते. दुकानदार ‘अनुभव आहे का’ असे विचारतो तेव्हा त्याला बहुधा निराळेच जाणून घ्यायचे असते. हा मुलगा पंधरा दिवसांत सोडून तर जाणार नाही ना, परीक्षा आली की न सांगता गायब तर होणार नाही ना, एवढीच त्याची धास्ती असते, कारण आधीच्या दोन मुलांनी नेमके तेच केलेले असते. म्हणून ‘काही काम मिळेल का’ असे मोघम विचारू नका. ‘मंगळवार-गुरुवार सोडून रोज दुपारी दोन ते सात, रविवारी पूर्ण दिवस, आणि मार्चअखेरपर्यंत नक्की येईन, परीक्षेच्या तारखा महिनाभर आधी सांगेन’ असे एका दमात सांगा. हे वाक्य ऐकल्यावर गल्ल्यावरचा माणूस मान वर करून तुमच्याकडे पाहतो, हा माझ्या अनेक विद्यार्थ्यांचा अनुभव आहे. विचारायला जाण्याची वेळही महत्त्वाची असते. संध्याकाळी सात वाजता गिऱ्हाइकांची गर्दी असताना आत शिरलेल्या उमेदवाराला कोणीही ‘नंबर ठेवून जा’ असेच म्हणणार. सकाळी अकराच्या आसपास तुम्ही महाविद्यालयात असता, तेव्हा चार वाजताची वेळ धरा.

कुठे विचारावे, याचे उत्तर तुमच्या खोलीपासून चालत जाता येईल अशा अंतरात आहे. पेठांमधून स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिका जागोजागी आहेत. त्यांना सकाळी दार उघडणारा, पाणी-झाडलोट पाहणारा आणि रात्री हजेरी घेऊन दिवे मालवणारा मुलगा लागतो. पगार थोडा असतो, पण बहुतेक वेळा बसायला खुर्ची फुकट मिळते आणि अभ्यास होतो. अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांना जून-जुलैत जादा माणसे लागतात, तर लक्ष्मी रस्त्यावरच्या कापड दुकानांना दिवाळीआधी. तो हंगाम आता गेला आहे, म्हणून पुढच्या वर्षी नवरात्रातच जाऊन नाव सांगून ठेवा. झेरॉक्सची दुकाने, औषधांची दुकाने आणि लहान मुलांच्या शिकवण्या यांना मात्र हंगाम नसतो.

तुळशीचे लग्न लागले की लग्नसराई सुरू होते आणि केटरिंगवाले वाढप्यांच्या शोधात असतात. हे काम विद्यार्थ्यांना सर्वांत चटकन मिळते आणि सर्वांत जास्त फसवतेही. पांढरा शर्ट, काळी पँट आणि काळे बूट तुम्हालाच आणावे लागतात. सकाळी नऊला बोलावतात, पंगती तीन वाजता संपतात, मग स्वागतसमारंभासाठी थांबवून घेतात आणि भांडी मोजून हातावेगळी होईपर्यंत रात्रीचा एक वाजतो. एका विद्यार्थ्याने मला आपली वही दाखवली होती. त्याने प्रत्येक लग्नाची तारीख, कार्यालय, ठेकेदाराचे नाव आणि येणे रक्कम लिहून ठेवली होती आणि नऊपैकी चार नोंदींपुढे पेन्सिलने ‘पुढच्या वेळी’ असे लिहिलेले होते. तो ठेकेदार ‘पुढच्या वेळी देतो’ म्हणायचा आणि त्या आशेने हा पुन्हा पुन्हा जायचा. तेव्हा पैसे त्याच रात्री, निघण्याआधी, हे आधी ठरवा. आणि एकदा बुडवले त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नका. शिवाय लग्नसराईचा खरा जोर एप्रिल-मे महिन्यांत असतो आणि विद्यापीठाची परीक्षाही त्याच सुमारास असते, हे विसरू नका.

पगाराचा आकडा ऐकून हुरळून जाण्याआधी त्याला तासांनी भागून पाहावे. समजा, खराडीतल्या एखाद्या कार्यालयात रोज चार तासांचे ६,००० रुपये मिळत आहेत. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर १०४ तास होतात आणि तासाला ५८ रुपयांच्या आसपास पडतात. आता सदाशिव पेठेतून जाण्यायेण्याचे रोजचे दोन तास मिळवा आणि बसला महिन्याकाठी हजार रुपये गेले असे धरा. मग १५६ तासांचे ५,००० रुपये, म्हणजे तासाला ३२ रुपये उरतात. त्याउलट खोलीजवळच्या अभ्यासिकेत रोज तीन तासांचे ३,५०० रुपये मिळाले तरी तासाला जवळजवळ ४५ रुपये पडतात, आणि पायांखेरीज दुसरे वाहन लागत नाही. प्रात्यक्षिकांच्या दिवशीची गैरहजेरी टळते ती निराळीच.

या सगळ्याच्या आधी मात्र स्वतःच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची ‘कर्मवीर भाऊराव पाटील कमवा व शिका योजना’ संलग्न महाविद्यालयांतून चालते आणि तिच्यात ग्रंथालय, प्रयोगशाळा, कार्यालय, बाग अशा ठिकाणी रोज दोन-तीन तासांचे काम मिळू शकते. मी स्वतः काही वर्षे या योजनेची हजेरीवही सांभाळली आहे. अनेक मुलांना वर्गमित्रांसमोर पुस्तकांवरची धूळ झटकण्याचा संकोच वाटतो आणि ती बाहेर बारा तासांची चाकरी पत्करतात, याचे मला तेव्हाही आश्चर्य वाटे. भाऊरावांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी महाविद्यालय सुरू केले, तेव्हा तिथली मुले श्रम करूनच शिकत होती. योजनेच्या जागा मोजक्या असतात आणि अर्ज बहुधा सत्राच्या आरंभी घेतात. पण मध्येच सोडून गेलेल्यांच्या जागा रिकाम्या होतात, म्हणून आता विचारण्यातही अर्थ आहे.

तुम्ही आपला प्रवर्ग लिहिलेला नाही. अनुसूचित जाती किंवा नवबौद्ध असाल आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला नसेल, तर समाजकल्याण कार्यालयात ‘स्वाधार’ योजनेची चौकशी करा. पुण्यासारख्या शहरासाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये आहे. इतर मागासवर्गीय आणि आदिवासी विद्यार्थ्यांसाठीही याच धर्तीच्या योजना आहेत. शिष्यवृत्तीच्या अर्जासाठी एक आठवडा गेला तरी तो वाढपी म्हणून घालवलेल्या आठवड्यापेक्षा अधिक मोलाचा ठरेल.

आता तुमचे ते ‘बाकी सर्व ठीक आहे’ हे वाक्य. आईला खोटे सांगू नका, असा उपदेश मी करणार नाही, कारण वयाच्या एकोणिसाव्या वर्षी मीही तेच केले होते. मात्र घरात एकाला तरी, मोठ्या भावाला किंवा मामाला, महिन्याचा खरा हिशेब माहीत असू द्या. आजारी पडल्यावर कोणाला फोन करायचा, हे त्यामुळे आधीच ठरलेले असते.

प्रश्न : मी छत्रपती संभाजीनगर येथे एम. कॉम. करते. घरबसल्या टंकलेखनाचे काम मिळेल, अशी जाहिरात पाहून मी मोबाइलवर करारनामा भरून दिला. पाच दिवसांत ठरावीक अर्ज टंकलिखित करायचे होते. काम पूर्ण केल्यावर ‘अचूकता कमी आहे’ असे कळवून पैसे तर दिले नाहीतच, उलट एका वकिलाच्या नावाने व्हॉट्सॲपवर नोटीस आली असून ७,२०० रुपये न भरल्यास गुन्हा दाखल होईल असे म्हटले आहे. घरी काहीच सांगितलेले नाही. रात्री झोप लागत नाही.

उत्तर : पैसे भरू नका. हा फसवणुकीचा जुना साचा आहे. टंकलेखनासाठी दिलेली अर्जांची चित्रे मुद्दाम पुसट असतात, अचूकतेची अट कोणालाच पुरी करता येणार नाही अशी ठेवलेली असते, आणि सगळी कमाई ‘दंड’ या नावाने विद्यार्थ्यांकडूनच करायची असते. नोटिशीवर अशोकस्तंभ, न्यायालयाचे नाव आणि लाल शिक्का असला तरी बिचकू नका. कोणतेही न्यायालय यूपीआयवर दंड मागत नाही. एकदा रक्कम भरली की ‘फाइल बंद करण्याचे शुल्क’ म्हणून दुसरी मागणी येते.

जाहिरात, करारनामा, नोटीस आणि फोन नंबर यांचे स्क्रीनशॉट जपून ठेवा आणि केंद्र सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात तक्रार करा. पैसे गेले असते तर १९३० या क्रमांकावर तत्काळ फोन करायला सांगितले असते, कारण त्यात वेळेला महत्त्व असते. आधार किंवा पॅनची प्रत त्यांना दिली असल्यास तक्रारीत तसे नमूद करा. त्यानंतर ते नंबर ब्लॉक करा. आणि आज रात्रीच घरी सांगा. या लोकांचा सगळा धंदा मुली घरी सांगणार नाहीत या भरवशावर चालतो.

याच निमित्ताने इतरांसाठी एक इशारा. ‘तुझे बँक खाते वापरायला दे, महिन्याला पाच हजार देतो’ असे सांगणारे काही जण सध्या वसतिगृहांभोवती फिरतात. त्या खात्यातून फसवणुकीचे पैसे फिरवले जातात, खाते गोठते आणि पोलीस खातेदाराच्या, म्हणजे तुमच्या, दारात येतात. तसेच व्हिडिओला लाइक करण्याचे दीडशे रुपये पहिल्या दिवशी खरोखर देणारा माणूस चौथ्या दिवशी तुमच्याकडून पाच हजार घेतो.

प्रश्न : सुट्टीत एका संस्थेसाठी दोन महिने सर्वेक्षणाचे काम केले. ठरलेल्या मानधनातून दहा टक्के कापून घेतले. ही रक्कम बुडाली का?

उत्तर : ती करकपात असेल तर बुडालेली नाही. कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली आहे का, हे आयकर विभागाच्या संकेतस्थळावर ‘फॉर्म २६एएस’मध्ये दिसते. तिथे नोंद असेल आणि तुमचे वर्षाचे उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल, तर मुदतीत विवरणपत्र भरा; रक्कम बँकेत परत येते. नोंदच नसेल, तर पैसे कोणत्या कारणाने कापले हे संस्थेला लेखी विचारा.

प्रश्न : आमचा मुलगा सांगलीहून पुण्याला अभियांत्रिकीला गेला आहे. तो रात्री मोटारसायकलवरून खाण्याच्या पार्सलांची डिलिव्हरी करतो, हे आम्हाला त्याच्या मित्राकडून कळले. फोनवर तो ‘सगळं मस्त चाललंय’ एवढेच सांगतो. आम्ही त्याचे काम बंद करावे का?

उत्तर : ताई, वीस वर्षांच्या मुलाचे काम सांगलीत बसून बंद करता येत नाही; फार तर तो ते अधिक लपवून करेल. कामाविषयी कळले आहे, हे त्याला रागावल्याशिवाय सांगा आणि तीन गोष्टी विचारा. पहिली, गाडीचा विमा. खासगी वापरासाठी काढलेल्या विम्यावर डिलिव्हरी करताना अपघात झाला तर भरपाईला अडचण येऊ शकते, म्हणून विमा कंपनीला विचारून घ्यायला सांगा. दुसरी, हजेरी. पंचाहत्तर टक्क्यांच्या खाली गेला तर परीक्षेला बसण्याची पंचाईत होते आणि कमावलेले सगळे पैसे एका वाया गेलेल्या वर्षात जातात. तिसरी, रात्री किती वाजता खोलीवर येतो. या कामात जास्त फेऱ्या केल्या की जास्त पैसे दिसतात, त्यामुळे साडेदहाचे साडेबारा कसे होतात हे मुलांच्या लक्षात येत नाही. शनिवार-रविवार आणि रात्री दहापर्यंत अशी मर्यादा त्याने स्वतः ठरवली, तर काम चालू राहायला माझी हरकत नाही.

‘जेवलास का’ या प्रश्नाला मुले ‘हो’ एवढेच उत्तर देतात. त्याऐवजी ‘आज काय जेवलास’ असे विचारून पाहा. आणि एसटीने डबा पाठवणार असाल, तर तो रविवारी दुपारपर्यंत स्वारगेटला पोहोचेल असा पाठवा. पुण्यातल्या मेस त्या संध्याकाळी बंद असतात.