नवा गीझर घेतलाय? आधी एवढं बघा

२००० वॅटचा गीझर जवळपास ९ अ‍ॅम्पिअर करंट ओढतो. त्याला १६ अ‍ॅम्पिअरचं स्वतंत्र सॉकेट हवंच, एक्स्टेंशन बोर्ड अजिबात नको. प्लग काळा पडला किंवा जळका वास आला तर गीझर वापरणं तिथेच थांबवा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- टाकी भरायच्या आधीच स्विच लावतात. आधी गरम पाण्याच्या नळाला सलग धार येऊ द्या.
- सेफ्टी व्हॉल्व्हमधून (टाकीतला जादा दाब सोडणारी झडप) थेंब पडतात म्हणून तो बुजवतात. पाणी तापताना थोडं ठिबकणारच. बुजवणं जिवावर बेतू शकतं.
- एमसीबी (जादा करंट आला की आपोआप पडणारा स्विच) पडला की पुन्हा पुन्हा वर करतात.

नळाला हात लावताना झिणझिण्या आल्या, तर मेन स्विच बंद करून इलेक्ट्रिशियनला बोलवा. अर्थिंग आणि पाणी तापवणारं एलिमेंट दोन्ही तपासून घ्या. बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी क्षार काढून घ्या.