सारखी सर्दी आणि रोजचं एनर्जी ड्रिंक

"मॅडम, याची इम्युनिटी पार गेलीय, सारखी सर्दी, सारखा घसा, आणि सगळं त्या एनर्जी ड्रिंकमुळे, पण ऐकेल तर शपथ." सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आलेली आई बोलत होती (ओळख कळू नये म्हणून तपशील बदललेत). हा प्रश्न इतके पालक विचारतात की म्हटलं एकदा नीट लिहूया.

घरात कॅन बंद झाले होते, त्याऐवजी 'इम्युनिटी वाढवतो' असं लिहिलेला पॅकबंद ज्यूस यायचा, आई रोज दप्तर तपासायची आणि पोरगा बाहेर लपून प्यायचा. आईंना जरा बाहेर बसायला सांगितलं आणि त्याला एवढंच विचारलं, कधी पितोस?

"रात्री अभ्यासाला बसताना. मग सकाळी डोळेच उघडत नाहीत, म्हणून कधीकधी अजून एक."

झोप किती? पाच तास, कधी त्याहून कमी. या वयात 8 ते 10 तास लागते हो!

कॅनमधलं काही थेट इम्युनिटी 'संपवतं' असं मी त्या आईंना सांगितलं नाही, सर्दी व्हायरसने होते. पण 250 मिलीच्या कॅनमध्ये साधारण 80 मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि त्यातलं निम्मं शरीरातून जायला पाचेक तास लागतात, म्हणजे रात्री नऊला प्यायलं तर दोन वाजताही निम्मं अंगात, मग झोप येणार कुठून. 2015 मधल्या एका अमेरिकन प्रयोगात निरोगी मोठ्या माणसांच्या नाकात मुद्दाम सर्दीचा व्हायरस सोडला होता, तेव्हा सहा तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता सात तासांवर झोपणाऱ्यांच्या चौपट निघाली. प्रयोग मोठ्यांवरचा आहे, पण मुलाला हे पटलं, "इम्युनिटी जाईल" या धमकीपेक्षा कितीतरी जास्त.

साखरेचं म्हणाल तर अशा एका कॅनमध्ये साधारण 27 ग्रॅम असते आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते दिवसभरात 25 च्या आत राहिलं तर उत्तम. आणि ज्यूसमधली साखरही यातच मोजतात, हे ऐकून आई गप्पच झाल्या. तहानेला पाणी, हवं तर दूध, बास.

खरं तर या वयात एनर्जी ड्रिंक नकोच, बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. पण रोजची सवय एकदम तोडली की डोकं दुखतं, चिडचिड होते, आणि मग परत लपवाछपवी. म्हणून आधी रात्रीचा कॅन बंद, सकाळचा हळूहळू कमी, हे त्याने स्वतः ठरवलं, आणि आईंनी दप्तर तपासणं थांबवायचं (हे त्यांना जास्त जड गेलं!). आता सुट्टीच्या दिवशी एखादा होतो, तेही तो घरी सांगून पितो, आणि रात्री साडेदहाला झोपतो.

मात्र सर्दी महिनोन्‌महिने हटत नसेल, वजन उतरत असेल किंवा कॅन प्यायल्यावर छातीत धडधडत असेल तर माझ्याकडे येण्याआधी डॉक्टरांना दाखवा. यालाही मी आधी तिकडेच पाठवलं होतं.